पाणी आलंच नाही

आमच्या घरमालकीणबाईंच्या जेवणाच्या टेबलाला कुलपाचं भोक होतं.

खोटं नाही सांगत. टेबलाच्या एका कडेला लोखंडाची काळी पट्टी ठोकलेली आणि तिच्यात अंगठा जाईल एवढं किल्लीचं भोक. पहिल्याच दिवशी माझ्या ताटलीतला एक काबुली चणा घरंगळत गेला आणि टुपकन त्या भोकातून खाली पडला. मला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वाकून चणा उचलला आणि भोकावर एक छोटी बशी पालथी घातली.

मुलांनो, ही गोष्ट स्पेनमधली आहे. तिथं सालामांका नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. विद्यापीठ केवढं जुनं, तर १२१८ सालचं! आपल्याकडे तेव्हा देवगिरीला यादवांचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वरांचा जन्मही व्हायचा होता. भाषेच्या अभ्यासासाठी मी तिथं एक वर्ष राहिले होते. घरमालकीणबाई सत्तरी गाठलेल्या, बुटक्या, ताठ आणि भराभर बोलणाऱ्या. मी त्यांना आधी 'सेन्योरा' म्हणायची, म्हणजे 'बाईसाहेब'. आठवड्यातच त्यांनी मला दटावलं, "मला तिया म्हण." आता गंमत बघा, तिया म्हणजे मावशी, आत्या, काकू आणि मामी, सगळं एकच! आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत कोणाला काय हाक मारायची याची केवढी पंचाईत होते. तिकडे एका शब्दात काम भागतं.

तर एकदा जेवताना मी धीर करून विचारलं, "तिया, या टेबलाला भोक कसलं?"

"ते टेबल नाही. दार आहे ते. आमच्या घराचं."

"मग घर कुठं आहे?"

"आहे ना. म्हणजे, नाही. धरणाचं पाणी येणार म्हणून आम्हाला गावातून काढलं."

"म्हणजे गाव बुडालं?"

तियानं पावाचा तुकडा मोडला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "नाही ना! पाणी आलंच नाही."

मी जेवायची थांबले. कारण पाण्यात गेलेलं गाव मला काही नवं नव्हतं. माझ्या आईचं गाव भीमेच्या काठी होतं. उजनीचं धरण झालं आणि १९८०च्या सुमाराला ते पाण्याखाली गेलं. मी तेव्हा तान्ही. मला गाव आठवत नाही. आठवते ती आजी. सोलापूरच्या एसटीत खिडकीशी बसून ती लांबच्या पाण्याकडे बोट दाखवायची, "ते बघ आपलं गाव." मी डोळे ताणून बघायची. नुसतं पाणी, आणि पाण्यावर बगळे. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर वर यायचं. त्याचं नाव निघालं तरी आजी हात जोडायची.

गाव पाण्यात गेलंय, म्हणून परत जाता येत नाही. लहानपणी मला हे बेरजेइतकं स्पष्ट होतं. पण गाव कोरडं ठणठणीत आहे आणि तरीही परत जाता येत नाही, ही बेरीज मला काही केल्या जुळेना.

"पहिल्या नोव्हेंबरला आम्ही सगळे गावी जातो," तिया म्हणाली. "येतेस?"

आता जरा नकाशा उघडा. स्पेनच्या बरोबर मध्यावर माद्रिद सापडेल. तिथून डावीकडे, पोर्तुगालच्या हद्दीकडे सरका. हा एस्त्रेमादुरा नावाचा प्रदेश. उन्हाळ्यात भट्टीसारखा तापणारा, मैलोन्‌मैल ओकच्या झाडांचा आणि त्यांची फळं खाऊन लठ्ठ होणाऱ्या काळ्या डुकरांचा. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस आणि पेरू जिंकणारा पिथारो, दोघेही याच मुलखातले. एस्त्रेमादुराच्या उत्तरेला काथेरेस जिल्हा, आणि त्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाजवळ आलागोन नावाची नदी. ही नदी पुढे ताखो नदीला मिळते. ताखोचं पाणी पोर्तुगालमध्ये शिरतं आणि लिस्बनपाशी समुद्राला मिळतं. लिस्बन म्हणजे तेच बंदर, जिथून १४९७ साली वास्को द गामा भारताकडे निघाला. तेव्हा तियाच्या गावावरून वाहिलेलं पाणी त्याच्याही जहाजांखाली होतं म्हणायला हरकत नाही!

गावाचं नाव ग्रानादिया. तुमच्या नकाशात ते बहुधा नसेल.

सालामांकाहून आम्ही सकाळी निघालो. तियाचा भाचा गाडी चालवत होता. मागच्या सीटवर मी, तिया आणि तिच्या मांडीवर शेवंतीच्या फुलांची मोठी जुडी. पहिला नोव्हेंबर हा तिकडे सर्व संतांचा दिवस. आपल्या सर्वपित्रीसारखाच म्हणा ना. माणसं कबरींवर फुलं वाहतात, आणि ती फुलं शेवंतीची! आपण शेवंती देवाला वाहतो, वेणीत माळतो. मी तियाला तसं सांगितलं, तर तिनं डोळे मोठे केले. "केसांत? मेलेल्यांची फुलं?" त्या दिवशी खायची एक मिठाईही असते, बदामाच्या पिठाची, आत मऊ सारण भरलेली, हाडासारखी लांबट. तिचं नाव 'संतांची हाडं'. मी चार हाडं खाल्ली.

रस्ता दक्षिणेकडे उतरत होता. बेखारचा डोंगर ओलांडला, की दोन्ही अंगांना चेस्टनटची पिवळी पडलेली रानं लागतात. हा रस्ता रोमन लोकांचा. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांचं सैन्य याच वाटेनं उत्तरेला जात असे. जवळच कापार्रा नावाच्या रोमन शहराचे अवशेष आहेत. त्यात चारही बाजूंनी उघडी असलेली एक दगडी कमान अजून उभी आहे. आम्ही थार्था दे ग्रानादिया या गावात वळलो. तिथून सुमारे दहा किलोमीटरचा एकाकी रस्ता. झाडं, झाडं आणि झाडं. मग एकदम झाडं संपली आणि समोर तटबंदी दिसली.

सबंध गावाभोवती तट! वाकडातिकडा, गोलसर, टेकडीचा आकार जिकडे वळेल तिकडे वळणारा. वेशीला लागून एक किल्ला, त्याला चारी बाजूंनी अर्धगोल बुरूज. आणि या सगळ्याच्या तीन बाजूंना निळं पाणी. गाव मात्र वर, टेकडीवर, कोरडं.

"पाहिलंस?" तिया म्हणाली. बाकी काही नाही.

हा तट बांधला मुसलमान राजवटीत. इ.स. ७११मध्ये उत्तर आफ्रिकेतून अरब आणि बर्बर सैन्य स्पेनमध्ये उतरलं आणि पुढची कित्येक शतकं स्पेनचा मोठा भाग त्यांच्या ताब्यात होता. नवव्या शतकात त्यांनी या टेकडीवर गाव वसवलं. जागा नामी होती. खाली नदी, भोवती सपाट सुपीक शेतं, आणि रोमन रस्त्यावर नजर ठेवायला उंची. तटाचा दगड तुमच्या ओळखीचा आहे. पूर्वी शाळेत जी पाटी असायची ना, तोच पाटीचा दगड! त्याच्या जोडीला नदीतले गोटे. स्पॅनिशमध्ये पाटीच्या दगडाला 'पिथारा' म्हणतात आणि वर्गातल्या फळ्यालाही पिथाराच म्हणतात. तिया सांगत होती, "आम्ही पिथाराच्या घरात राहायचो आणि पिथारावर अ आ ई काढायचो."

बाराव्या शतकात लेओनच्या ख्रिस्ती राजानं, दुसऱ्या फेर्नांदोनं, गाव जिंकून घेतलं. तेव्हा गावाचं नाव होतं ग्रानादा. ग्रानादा म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब. पण दक्षिणेला ग्रानादा नावाचं मुसलमान सुलतानांचं फार मोठं, फार सुंदर शहर होतं. ते १४९२मध्ये राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदोनं घेतलं. (कोलंबस निघाला ते वर्षही हेच, इतिहासाच्या पेपरात उपयोगी पडेल.) आता एका राज्यात दोन ग्रानादा कशा चालणार? मोठीनं नाव ठेवलं आणि धाकटी झाली ग्रानादिया, म्हणजे 'छोटी ग्रानादा'. वर्गात दोन सुनील असले की एकाचा धाकटा सुनील होतो, तसंच.

किल्ला पंधराव्या शतकातला, आल्बाच्या सरदारानं बांधलेला. आत शिरायला चिंचोळा जिना आहे. दगड झिजून बशीसारखे खोल झालेले. वर पोचेपर्यंत मला धाप लागली. वरून सगळं गाव तळहातावर ठेवल्यासारखं दिसतं. मधे मोठा चौक, प्लाथा मायोर. त्याच्याभोवती लाल, पिवळ्या रंगांची घरं. चौकातून फुटणाऱ्या गल्ल्या, एका बाजूला चर्च. चौकाजवळची घरं कौलांनी शाकारलेली, नीटनेटकी. पण तटाकडे जावं तसतशी छपरं संपतात आणि नुसत्या भिंती उरतात. भिंतींच्या आत अंजिराची झाडं वाढलेली.

आणि पलीकडे पाणी. नोव्हेंबरात धरण भरलेलं नव्हतं. काठाशी तपकिरी मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता. त्या पट्ट्यावर सरळ सरळ रेघा दिसत होत्या. मी निरखून बघितलं. ते जुन्या शेतांचे बांध होते.

आता मला कळायला लागलं. घरं बुडाली नव्हती, पण शेतं बुडाली होती.

झालं असं. १९३६ ते १९३९ स्पेनमध्ये भयंकर यादवी युद्ध झालं. ते जिंकून फ्रांको नावाचा सेनापती हुकूमशहा झाला आणि १९७५मध्ये मरेपर्यंत सत्तेवर राहिला. देश गरीब होता, पावसाचा भरवसा नव्हता, वीज हवी होती. फ्रांकोच्या सरकारनं जिकडेतिकडे धरणं बांधायचा सपाटा लावला. आलागोनवरही धरण ठरलं. त्याला नाव दिलं गाब्रिएल इ गालान या कवीचं. हा कवी मुळात शाळामास्तर होता आणि ग्रानादियाच्या शेजारच्याच गावात राहायचा. इथल्या शेतकऱ्यांच्या बोलीत त्यानं कविता लिहिल्या. तो १९०५मध्येच गेला. ज्यांच्या बोलीत लिहिलं, त्यांच्याच शेतांवर पाणी सोडणाऱ्या धरणाला आपलं नाव देतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

२४ जून १९५५ रोजी हुकूम निघाला. ग्रानादिया धरणाच्या पाणीक्षेत्रात येते, सबब सर्व घरं आणि जमिनी सरकारजमा. गावात त्या वेळी साधारण हजार माणसं होती.

"हजार माणसं एका दिवसात निघाली?" मी विचारलं.

"छे गं. एका दिवसात निघालो असतो तर बरं झालं असतं." तिया कठड्याला टेकून उभी होती. "नऊ वर्षं लागली."

तियाचा जन्म हुकूम निघाला त्याच्या आधीच्या वर्षीचा. म्हणजे तिला कळायला लागल्यापासून गाव रिकामंच होत होतं. आज एकाचं घर बंद, उद्या दुसऱ्याचं. माणसं माद्रिदला गेली, कारखान्यांच्या गावांना गेली. आधी नदीकाठचे मळे पाण्याखाली गेले. मग रस्ता गेला. धरणाचं बांधकाम १९६१मध्ये संपलं तेव्हा गाव जवळजवळ बेट झालं होतं. तियाच्या बाई रोज हजेरी घ्यायच्या. कोणी गाव सोडून गेलं, की पट्टी लावून लाल शाईनं त्या नावावर रेघ मारायच्या. "मला त्या लाल रेघेची भीती वाटायची," तिया म्हणाली. "शाळेत जाताना मी मनात मोजायची, आज कोण."

तिच्या नावावर रेघ पडली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. वडिलांनी घरातली तुळई काढली, कौलं काढली. शेवटी दार उखडलं आणि लॉरीत आडवं टाकलं. त्या दारावर भावंडं बसली. १९६४पर्यंत गावात कोणी उरलं नाही.

पुष्कळ कुटुंबांना सरकारनं नदीच्या खालच्या अंगाला नव्या वसाहतीत जागा दिली. एकसारख्या पांढऱ्या घरांच्या सरळ ओळी. गावाचं नाव आलागोन देल काउदियो. 'काउदियो' ही फ्रांकोची पदवी, म्हणजे 'सरसेनापती'. फ्रांको गेल्यावर पुढं ते नाव बदललं. आता ते नदीचं आलागोन आहे, आलागोन देल रिओ. तियाच्या वडिलांनी मोठ्या हौसेनं आणलेलं दार नव्या घराला बसेना. ते फार रुंद होतं. मग त्यांनी त्याला चार पाय लावले.

न्यायाचं बोलायचं, तर एक गोष्ट तियानंच मला सांगितली. नव्या गावात त्यांच्या वाट्याच्या जमिनीला पाणी मिळालं, बारमाही. वडिलांनी मका पिकवला. भावाचं शिक्षण त्या मक्यावर झालं. आणि ते पाणी कुठलं? त्याच धरणाचं! "मग मी कोणावर रागवू?" ती म्हणाली. "पाण्यावर? पाण्यानं तर आम्हाला जेवायला घातलं. मी रागावते त्या मोजमापवाल्यावर."

कारण मोजमापच तसं होतं. धरण काठोकाठ भरलं तरी पाणी टेकडीवरच्या घरांपर्यंत चढत नाही. इतकी वर्षं झाली, एकदाही चढलेलं नाही.

माझ्या तोंडात आलेला प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. पाणी आलं नाही हे दिसल्यावर लोकांना परत का नाही बोलावलं? तिया खांदे उडवून म्हणाली, "कागदावर अजून पाणी आहे ना." १९५५चा तो हुकूम कधी मागे घेतलेला नाही. घरं सरकारची ती सरकारचीच.

गाव मग वीस वर्षं तसंच पडून होतं. छपरं बसली. चोरांनी उरलंसुरलं नेलं. १९८०मध्ये सरकारनं ग्रानादियाला ऐतिहासिक वारसा म्हणून घोषित केलं, आणि १९८४पासून इथं जे सुरू झालं ते तुम्हाला नक्की आवडेल. ते गाव दुरुस्त करायला शाळेतली मुलं आली!

स्पेनमध्ये ओस पडलेली तीन गावं यासाठी निवडली आहेत : ग्रानादिया, उत्तरेच्या डोंगरातलं बुबाल आणि मध्य स्पेनमधलं उम्ब्रालेखो. वेगवेगळ्या भागांतल्या शाळांमधून मुलं शिक्षकांबरोबर येतात, आठवडाभर दुरुस्त केलेल्या घरांत राहतात. भाजीचे वाफे करायचे, जनावरांना चारा घालायचा, पाव भाजायचा, मातीची भांडी करायची, पडक्या भिंती सावरायला हातभार लावायचा. शहरातल्या ज्या मुलानं कधी कोंबडी हातात धरलेली नाही, त्याला इथं खुराडं साफ करावं लागतं! ही योजना आजही चालू आहे. चौकाभोवतीची ती लाल-पिवळी घरं उभी आहेत, त्यात या मुलांचे आणि कारागिरांचे हात आहेत.

मला हे ऐकून फार छान वाटलं. मी उत्साहानं तियाला म्हटलं, "केवढी चांगली कल्पना!"

"चांगलीच आहे," ती म्हणाली. थोडं थांबून पुढं म्हणाली, "पण दर आठवड्याला दुसऱ्यांची मुलं इथं झोपतात. माझ्या नातीला झोपता येत नाही. तिच्या शाळेची पाळी आली तर येईल म्हणा."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही.

मुलांचं मात्र मला काही चुकतंय असं वाटत नाही. ती आली नसती तर आज त्या चौकातही अंजिरंच वाढली असती. तियालाही ते माहीत आहे. खाली उतरल्यावर एका वाफ्यात लावलेला कोबी तिनं वाकून नीट पाहिला आणि पुटपुटली, "फार दाट लावलाय. कोणी शिकवलं नाही वाटतं पोरांना."

दुपारी चर्चमध्ये प्रार्थना झाली. पन्नासेक माणसं असतील, बहुतेक पांढऱ्या केसांची. पहिला नोव्हेंबर आणि पंधरा ऑगस्ट, वर्षातून दोनदा ही मंडळी इथं जमतात. (पंधरा ऑगस्ट हा मेरीमातेचा सण, आपल्या स्वातंत्र्यदिनाशी त्याचा संबंध नाही, बरं का.) मग सगळे दफनभूमीत गेले. तियानं आजी-आजोबांच्या कबरीवर शेवंती ठेवली. एकमेकांना भेटून लोक रडत असतील असं मला वाटलं होतं. कसचं काय! सगळे एकाच वेळी बोलत होते, हसत होते. कोणाच्या गाढवानं चर्चमध्ये घुसून काय केलं, ही गोष्ट मी त्या दिवशी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकली, आणि तिन्ही वेळा गाढव वेगळ्याच माणसाचं होतं.

गोव्यातल्या मुलांना हे वाचून कुर्डी आठवली असेल. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव १९८६मध्ये साळावलीच्या धरणात गेलं. मोगूबाई कुर्डीकरांचं जन्मगाव ते. तिथं दर मे महिन्यात पाणी ओसरतं, मोडकी जोती वर येतात आणि जुने गावकरी येऊन सोमेश्वराच्या देवळात आणि चॅपलमध्ये उत्सव करतात. पाऊस पडला की गाव पुन्हा गडप. मला वाटायचं, अशी ओढ आपल्याच लोकांना असते.

संध्याकाळ व्हायला आली तशी तिया मला तटाच्या कडेच्या एका गल्लीत घेऊन गेली. छप्पर नसलेल्या चार भिंती. आत गुडघाभर गवत. पुढच्या भिंतीत दाराची मोकळी जागा, आणि तिच्याखाली एका मोठ्या पाटीच्या दगडाचा उंबरठा. मधोमध झिजलेला, किल्ल्याच्या जिन्यासारखा.

"हे," तिया म्हणाली.

ती आत गेली नाही. मी पाय उचलला होता, तोही नकळत खाली ठेवला. आजीनं लहानपणी बजावलेलं, उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही. तियानं दोन्ही हात पसरून भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावून पाहिले, आणि समाधानानं मान हलवली.

"टेबल बरोबर इथं बसेल."

तेवढ्यात लांबून शिट्टी ऐकू आली. संध्याकाळी वेस बंद होते, त्यानंतर मुक्कामाच्या मुलांशिवाय कोणी आत राहायचं नाही असा नियम आहे. पहारेकरी एकेका गल्लीत डोकावत येत होता. तरुण पोरगा होता, तियाच्या भाच्यापेक्षाही लहान. आम्हाला बघून त्यानं टोपी काढली.

"मी इथलीच आहे," तिया म्हणाली.

"माहीत आहे, सेन्योरा," तो हळूच म्हणाला. "पण वेळ झाली."

रात्री सालामांकाला पोचल्यावर मी आईला फोन लावला. पुण्यात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. ती घाबरून उठली. मी तिला सगळं सांगितलं, पाणी न आलेलं गाव, दाराचं टेबल, उंबरठा. आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, फोन कटला.

मग म्हणाली, "आमच्या दाराला पितळी कडी होती."

आमच्या घरात गावाचा विषय नेहमी आजीचा. आई कधी त्यावर बोललीच नव्हती. मीही विचारलं नव्हतं. पाण्याखालच्या घराबद्दल विचारायचं तरी काय!

"दार पूर्वेला. आत गेलं की डाव्या हाताला पाण्याचा रांजण. त्याच्या पलीकडे जातं. मग माजघर..."

"थांब, थांब," मी म्हटलं, "कागद घेते."

टेबलावरची बशी बाजूला सारून मी वही उघडली.